एक दिवस कमी

टेबल आठ जणांचं, आम्ही अकरा.
पोऱ्या प्लास्टिकची दोन स्टुलं आणतो, एक बाळखुर्ची,
आणि सासऱ्यांना पंख्यासमोर बसवतो, न विचारता.
बाकोलोरात तातांग मोदेस्तोंना ओळखत नाही
असं एखादं मांजर असेल तर असेल.

ते मेन्यूकार्ड उघडत नाहीत.
एकेचाळीस वर्षांत बाहेर जेवले ते लग्नात नि मयतात,
तेही हात राखून.
हॉटेलवाले पोटासाठी रांधतात, म्हणायचे,
जिभेसाठी माझी कोंचिंग आहे.

होती.
काल तिचा चाळिसावा झाला, घर भरून माणसं,
आज चूल पेटवायला कुणी उठलंच नाही.

आत्सी रेमी ऑर्डर देते जुनं भांडण उकरावं तशी:
सिसिग आण, पण वर अंडं घालाल तर परत पाठवीन,
अंडं ते मनिलावाले घालतात.
बेडूक आहेत? भरलेले? केवढे? हात करून दाखव.
आणि कामारु एक प्लेट,
म्हणत माझ्याकडे बघून हसते.

मी सेबूची. सून होऊन नऊ वर्षं झाली
तरी कामारुपुढे पाहुणीच.
शेतातल्या मातीतले किडे, पाय-पंख खुडून
लसूण-व्हिनेगरात परतलेले, काळेभोर, चुरचुरीत.
पहिल्या वर्षी डोळे मिटून एक गिळला होता,
तेव्हा सासूबाई म्हणाल्या,
अगं, औषध नाही ते. चाव.

मग येतो बुरो.
वाटीभर आंबवलेला भात, कोळंबीने गुलाबी पडलेला,
शेजारी तळलेला मागूर, उकडलेलं वांगं,
मोहरीची कोवळी पानं.
टेबलावरचा कालवा एकदम खाली बसतो
उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद करावा तसा.

तातांग तळहातावर पान पसरतात.
भात. माशाचा तुकडा. घडी.
जबडा सावकाश हलतो
आणि आम्ही दहा जण त्या जबड्याकडे बघत राहतो.

‘एक दिवस कमी.’

नवऱ्याला वाटतं, चाळिसाव्याचा हिशेब चुकला.
मला कळतं. मुरायला एक दिवस कमी.
मला सांगितलं होतं तिने, बरणीला कान लावून,
खरंच कान लावून:
हा बोलायचा थांबला की खायचा.
मीठ किती, ते पुढच्या खेपेला, म्हणाली.
मीही बरं म्हटलं. माझी रात्रपाळी होती.

आचारीण बाहेर येते, ओले हात पुसत.
‘घरच्यासारखा नसेल, तातांग.’
‘नाहीच,’ म्हणतात, आणि दुसरं पान उचलतात.
तिसरं.
ती न बोलता आणखी एक वाटी ठेवते.
या मुलखात हे कौतुकात मोडतं.

धाकट्याचा चमचा पडतो, मी वाकते.
या फरशीखाली ज्वालामुखीचा वाहून आलेला चिखल,
दोन पुरुष खोल,
त्याखाली कुठेतरी यांचं जुनं स्वयंपाकघर,
उभ्याचं उभं, बरण्यांसकट.
सासूबाई म्हणायच्या,
तिथला बुरो आता बरा मुरला असेल.

बिल कुणी द्यायचं यावरून दोघे भाऊ पार दारापर्यंत भांडले.
उरलेली वाटी तातांगनी बांधून घेतली,
वाटेत मांडीवर धरली,
खड्डा आला की दोन्ही हातांनी.

रात्री पाणी प्यायला उठले
तर स्वयंपाकघरात अंधार, स्टुलावर ते,
वाटीवर बशी झाकलेली, बशीवर कान.
मला बघून दचकले नाहीत.
‘अजून बोलतोय,’ म्हणाले,
आणि वाटी माझ्याकडे सरकवली.